पावसाचे चित्र

गोदावरीच्या डाव्या तीरावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, शहागड हे गाव वसलेले आहे. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे व पुढे सोलापूरकडे जाणारा हमरस्ता येथे नदी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे जालना जिल्हा संपतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. नदीच्या वरच्या अंगाला पैठण असून त्या गावापाशी जायकवाडीचे प्रचंड धरण आहे.

या स्थानामुळे शहागडच्या रहिवाशांना कधी कधी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. गावावर ढगांचा मागमूस नसतो. शिवारातील कपाशी उन्हाने माना टाकीत असते. आणि तरीही नदीचे पात्र दुथडी भरून वाहू लागते. याचे कारण असे, की नदीला आलेले हे पाणी त्या गावच्या आभाळातून पडलेले नसते. ते पडते दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर. त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या भागांत आषाढ-श्रावणात पावसाची झड लागते. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जालना जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने सातशे मिलिमीटरही येत नाही. घाटावरचे ते पाणी दारणा, प्रवरा, मुळा अशा नद्यांतून गोदावरीस मिळते व नाथसागरात साठते. जलाशय भरत आला म्हणजे धरणाच्या सत्तावीस दरवाजांतून पाणी सोडावे लागते. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात असा मोठा विसर्ग झाला, तेव्हा पैठण शहरात पाणी शिरले आणि खालच्या गोदाकाठची गावे धास्तावून गेली.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी, याची कल्पना सहसा नसते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. एक चौरस किलोमीटरवर तेवढाच पाऊस पडला, तर दहा लाख लिटर. जायकवाडीच्या वरचे पाणलोट क्षेत्र आहे २१,७५० चौरस किलोमीटर. त्या सर्व भागावर दहा मिलिमीटरांची एक साधारण सर पडली, तरी २१,७५० कोटी लिटर पाणी भूमीवर येते. त्यातले पुष्कळसे जमिनीत मुरते, काही वरच्या धरणांत अडते, काही वाफ होऊन जाते. उरलेले वाहत निघते. म्हणून शहागडात बसलेल्या माणसाने पावसाचा अंदाज घ्यावयाचा, तर केवळ आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून त्याचे भागत नाही. त्याला नाशिकचे आभाळही दिसावे लागते.

मानवाची दृष्टी तेथवर पोहोचत नाही, परंतु नकाशा पोहोचतो. हे मानवास फार पूर्वी उमगले. एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने १६८६ मध्ये व्यापारी वाऱ्यांचा आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला. हॅलेच्या धूमकेतूमुळे ज्याचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, तोच हा हॅले. १८१७ मध्ये अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन प्रवाशाने निरनिराळ्या गावांची तापमाने एकत्र केली आणि सारख्या तापमानाची स्थळे रेषेने जोडून दाखविली. आकड्यांच्या रुक्ष तक्त्यात जे कोणाला दिसले नव्हते, ते त्या वळणदार रेषांत एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. पुढे तारायंत्र आले, दूरदूरच्या ठिकाणांची नोंद त्याच दिवशी एका जागी पोहोचू लागली, आणि १८७५ च्या १ एप्रिलला लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात फ्रान्सिस गॉल्टन याने तयार केलेला आदल्या दिवसाच्या हवेचा नकाशा छापून आला. त्याच वर्षी भारताच्या हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास हलले. ते आज दिल्लीस असले, तरी पुणेकर शिवाजीनगरच्या त्या जुन्या वास्तूस अद्यापही ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखतात.

पुण्याच्या याच कार्यालयाने पावसाच्या नोंदींचा एक अपूर्व संग्रह सिद्ध केला आहे. देशभर ठिकठिकाणी पर्जन्यमापके बसविलेली आहेत. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यांतील पाणी मोजले जाते आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस म्हणून ते नोंदविले जाते. १९०१ पासूनच्या अशा नोंदी, एकूण ६,९५५ स्थानकांच्या, एकत्र करण्यात आल्या. परंतु पर्जन्यमापके भूमीवर समान अंतरावर नाहीत. कोठे दाट आहेत, कोठे विरळ. म्हणून शास्त्रज्ञांनी भारताच्या नकाशावर अक्षांश आणि रेखांश यांच्या पाव-पाव अंशाची एक जाळी कल्पिली. तिचा प्रत्येक चौकोन सुमारे सत्तावीस किलोमीटर लांब आणि जवळजवळ तेवढाच रुंद असतो. ज्या चौकोनात पर्जन्यमापक नाही, त्याचा पाऊस शेजाऱ्यांच्या साक्षीवरून ठरविला जातो. मात्र सर्व साक्षींना सारखी किंमत नसते. जवळच्या पर्जन्यमापकाचे म्हणणे अधिक वजनाचे व दूरच्याचे कमी वजनाचे मानले जाते. ही रीत डोनाल्ड शेपर्ड याने १९६८ मध्ये मांडली होती.

या जाळीत आडवे १३५ आणि उभे १२९, म्हणजे एकूण १७,४१५ बिंदू येतात. एका वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी ६३ लाख ५६ हजार ४७५ आकड्यांची जागा लागते. समुद्रावरचे व देशाबाहेरचे बिंदू रिकामे सोडले, तरी उरलेले आकडे एखाद्या मनुष्याने वाचून काढावयाचे म्हटले, तर त्याचे आयुष्य त्यात जाईल आणि हाती काही लागणार नाही. हे आकडे त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळतात. परंतु ज्या फाईलमध्ये ते ठेवलेले असतात, ती उघडून पाहणाऱ्यास त्यात अक्षरही लागत नाही. धान्याचे कोठार उघडे आहे. पण दळावयास जाते नाही, अशी ती अवस्था होय.

ते जाते म्हणजे संगणकाची आज्ञावली. आकडे कसे उचलावेत, कोणत्या आकड्यास कोणता रंग द्यावा, रेषा कोठून न्यावी, किनारा आणि जिल्ह्यांच्या सीमा कोठे आखाव्यात, हे संगणकास पायरीपायरीने सांगणारा लेख म्हणजे आज्ञावली. तिलाच व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळशी आज्ञावली विकत मिळते आणि तिचा मूळ लेख तिच्या मालकाने कुलुपात ठेवलेला असतो. मुक्तस्रोत आज्ञावलीचे तसे नाही. तिचा मूळ लेख कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, सुधारता येतो आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास देता येते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराचा उघड पुरस्कार केला व १९८९ मध्ये त्यासाठी एक परवाना तयार केला. विनामूल्य मिळणे आणि मुक्तस्रोत असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवावे. फुकट मिळालेल्या बंद पेटीतही काय चालले आहे ते कळत नाहीच.

महाराष्ट्रास ही कल्पना परकी वाटू नये. पंचांगातील तिथी-नक्षत्रांवरून आपल्याकडे मोठे वाद झाले. जुन्या गणिताने ग्रहणाची वेळ चुकते, आकाशात दिसते त्याच्याशी मेळ बसत नाही, असे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी दाखवून दिले आणि नव्या वेधांवर आधारलेले पंचांग पुढे आणले. छत्रे यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतही काम केले होते. पंचांगाचे गणित ग्रंथांत उघड मांडलेले होते, म्हणून त्याची चूक काढता आली. ते कोणा एका घराण्याच्या पेटीत बंद असते, तर वाद तरी कशाच्या आधारे झाला असता?

हवेची आणि हवामानाची चित्रे काढणाऱ्या मुक्तस्रोत साधनांचे आता एक मोठे कुटुंबच झाले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ब्रायन डॉटी यांनी ‘ग्रॅड्स’ तयार केले; भारतातील हवामानशास्त्रज्ञांना ते चांगले परिचित आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याच सुमारास ‘विस-फाइव्ह-डी’ निर्माण झाले. त्यात ढगांचे थर आणि वाऱ्याचे झोत चोहोबाजूंनी फिरवून पाहता येत असत. मूळ कर्त्यांनी त्याचे काम थांबविल्यावर इतरांनी ते उचलून पुढे चालविले. मूळ लेख हाती असल्याखेरीज हे घडले नसते. भूप्रदेशाचे नकाशे काढण्यासाठी २००२ मध्ये ‘क्यूजीआयएस’ चा आरंभ झाला.

परंतु सर्वांत नवलाची कथा ‘मॅटप्लॉटलिब’ ची आहे. जॉन हंटर हे अमेरिकेतील मज्जाशास्त्राचे अभ्यासक होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उठणाऱ्या विद्युत्-लहरी आलेखरूपाने पाहता याव्यात, म्हणून त्यांनी ‘पायथॉन’ या संगणकभाषेत एक साधन लिहिले आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. मेंदूच्या लहरींसाठी बनविलेल्या या साधनाने पावसाचेही चित्र काढता येते, हे इतरांच्या ध्यानी आले. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाने त्यास नकाशांची जोड देणारे ‘कार्टोपाय’ बनविले. अक्षांश, रेखांश आणि काळ अशा अनेक बाजू असलेल्या आकड्यांच्या राशी हाताळणारे ‘एक्सॲरे’ २०१४ मध्ये खुले झाले. हंटर २०१२ मध्ये, ऐन उमेदीच्या वयात निवर्तले. त्यांच्या हातचे साधन मात्र आज शेकडो अनोळखी माणसे मिळून सांभाळीत आहेत.

आता समजा, शहागडच्या एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर बसून ऑगस्ट महिन्याच्या पावसाचे चित्र काढावयाचे ठरविले. पुण्याच्या संग्रहातील आकडे उतरवून घेऊन वाचण्यासाठी भारतीय संशोधकांनी ‘आयएमडीलिब’ नावाचे छोटे मुक्तस्रोत साधन केलेले आहे. त्याच्या साह्याने त्याला हवे ते वर्ष घेता येते. मग त्याने पश्चिमेस समुद्रकिनारा आणि पूर्वेस परभणी एवढा पट्टा निवडावा, एकतीस दिवसांच्या आकड्यांची बेरीज करावी आणि चित्र काढण्याची आज्ञा द्यावी. हे सारे काम वीस-पंचवीस ओळींत होते. क्षणार्धात पडद्यावर नकाशा उमटतो. किनाऱ्यालगत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर गडद निळ्या रंगाचा पट्टा असतो. घाट उतरून पूर्वेस आले, की तो रंग एकाएकी फिकट होतो. नाशिक शहर ओलांडल्यावर सिन्नर-संगमनेरच्या बाजूस तो अगदीच उतरतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पुढे मराठवाड्यातून नांदेडकडे जाता जाता तो पुन्हा किंचित गहिरा होऊ लागतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याचे वर्णन दोन ओळींत येते, ते वास्तव त्या चित्रात जिवंत होते. त्यावर गोदावरीची रेषा आखली, म्हणजे शहागडच्या पुलाखालचे पाणी कोणत्या रंगातून निघून कोणत्या रंगात आले, हे बोटाने दाखविता येते.

वारे कसे वाहतात तेही असेच पाहता येते. कॅमेरॉन बेकारिओ या तंत्रज्ञाने २०१३ मध्ये पृथ्वीचा एक फिरता गोल संगणकाच्या पडद्यावर आणला. त्यावर वारे असंख्य बारीक रेघांनी वाहताना दिसतात. आषाढात तो गोल पाहावा. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळण घेऊन वाऱ्याचा मोठा लोट अरबी समुद्र ओलांडतो आणि कोकणपट्टीवर येऊन धडकतो. अमेरिकेतील फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटेनबर्ग यांनी त्याच्या आदल्या वर्षी काढलेल्या वाऱ्याच्या नकाशावरून बेकारिओंना ही कल्पना सुचली. त्यांनीही आपली आज्ञावली खुली ठेवली.

तथापि चित्र जितके सुंदर, तितके ते फसवेही असू शकते. हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे एखाद्या जिल्ह्यात सरासरीपेक्षा एकोणीस टक्क्यांपर्यंत कमी पाऊस झाला, तर तो सामान्य समजतात व नकाशावर जिल्हा हिरवा रंगवितात. तूट वीस टक्के झाली, की तो तुटीचा होतो आणि लाल दिसतो. लगतच्या दोन जिल्ह्यांत तूट एकोणीस आणि वीस टक्के अशी असली, तर वर्तमानपत्रात एक हिरवागार आणि दुसरा रखरखीत दिसेल. प्रत्यक्षात दोहोंच्या शेतांत फारसा भेद नसतो. रंगांच्या या मर्यादा कोठे तरी घालाव्याच लागतात, हे खरे. पण त्या कोठे घातल्या हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे. आज्ञावली उघडी असली, म्हणजे ती ओळ वाचता येते. मर्यादा बदलून तेच आकडे पुन्हा रंगवून पाहता येतात.

रंगांच्या निवडीवरून मॅटप्लॉटलिबमध्ये एक मोठा बदल घडला, तो सांगण्याजोगा आहे. त्या साधनात पुष्कळ वर्षे इंद्रधनुष्यासारखी निळ्यापासून तांबड्यापर्यंतची रंगमाला रूढ होती. ती डोळ्यांना मोहक वाटे. परंतु तिच्यातील पिवळा पट्टा अकारण झळकतो आणि जेथे आकड्यांत मोठा फरक नाही, तेथेही मर्यादा असल्याचा भास होतो. शिवाय ज्यांना तांबडा व हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांना असे चित्र निरुपयोगी ठरते. यावर उघड चर्चा झाली, नव्या रंगमाला मांडल्या गेल्या आणि २०१७ मध्ये निघालेल्या आवृत्तीपासून जांभळ्यापासून पिवळ्याकडे समतोल उजळत जाणारी ‘व्हिरिडिस’ ही रंगमाला स्वीकारण्यात आली. बंद पेटीतला रंग बदलावयाचा, तर तो मालकाच्या मर्जीनेच बदलला असता.

याहून खोल असलेली मर्यादा चित्रात नव्हे, तर आकड्यांतच आहे. शहागड ज्या चौकोनात येते, त्याचे क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. एवढ्या साऱ्या शिवाराला, नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, मिळून दिवसाला एकच आकडा मिळतो. एका गावात ढग फुटावा आणि शेजारच्या गावची पाखरेही भिजू नयेत, हे मराठवाड्यात नवे नाही. जाळीतल्या आकड्याला ते दिसत नाही. जुन्या काळी पर्जन्यमापके थोडी होती, म्हणून त्या वर्षांची चित्रे अधिक गुळगुळीत दिसतात. आणि पावसाच्या नकाशावरून धरणाचे दरवाजे केव्हा उघडतील हे तर मुळीच कळत नाही. ते धरणातील साठ्यावर आणि अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून गोदाकाठी सावधगिरीचा इशारा मिळाल्यावर नकाशा पाहत बसणे शहाणपणाचे नाही. गुरे-वासरे घेऊन उंचावर जावे, हेच योग्य.

मग हे चित्र उपयोगी पडते कोठे? एका दिवसाच्या हवेपेक्षा दीर्घ काळच्या हवामानासाठी त्याचा उपयोग फार मोठा आहे. ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी असलेली वातावरणाची स्थिती म्हणजे हवा. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दिसणारी तिची सर्वसाधारण स्थिती म्हणजे हवामान. ब्रिटनमधील एड हॉकिन्स या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये प्रत्येक वर्षासाठी एक उभी पट्टी, थंड वर्ष निळे व उष्ण वर्ष तांबडे, अशी साधी चित्रे काढली. त्यांत ना आकडे आहेत ना अक्षरे. तरीही पृथ्वी तापत चालली आहे हे लहान मुलासही कळते. तीच युक्ती पावसाला लावता येते. १९०१ पासून प्रत्येक पावसाळ्यासाठी एक पट्टी, असे शहागडच्या चौकोनाचे चित्र काढले, तर निळ्या आणि तपकिरी पट्ट्यांची एक लांब वीण तयार होते. घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ज्या दुष्काळाच्या कथा मुलांनी ऐकलेल्या असतात, त्या १९७२ ची पट्टी त्यात शोधता येते. २०१२ चीही शोधता येते. त्या वर्षीच्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या होत्या. दोन तपकिरी पट्ट्यांमध्ये किती अंतर आहे, त्या एकट्या येतात की जोडीने येतात, पावसाळ्यातील एकूण पाऊस सारखाच राहून पावसाचे दिवस मात्र कमी झाले आहेत काय, असे प्रश्न मग चित्रातूनच सुचू लागतात. त्यांची उत्तरे त्याच आकड्यांत असतात आणि ती काढण्याची साधने कोणाच्याही परवानगीवाचून मिळतात.

नव्या वर्षाची पट्टी मात्र पावसाळा संपेपर्यंत रंगविता येत नाही. तोवर रोज सकाळी साडेआठ वाजता ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांतील पाणी मोजले जात असते, आणि त्या मोठ्या फाईलमध्ये शहागडच्या चौकोनाचा आणखी एक आकडा जाऊन बसतो.